पोस्टरवरची मोकळी जागा

"बिरू, मला इथून फक्त हिरवा रंग दिसतोय," नाझनीन म्हणाली.

ती कॉरिडॉरच्या त्या टोकाला, पाण्याच्या कूलरला टेकून उभी होती. या टोकाला, परोपजीवीशास्त्र विभागाच्या भिंतीवर, मी माझं पोस्टर लावलं होतं. खरं पोस्टर नव्हे, त्याचा नमुना. साध्या कागदांवर तुकड्यातुकड्यांनी छापलेला आणि मागून चिकटपट्टीनं जोडलेला. माप मात्र खऱ्या पोस्टरचंच होतं. वरून खालपर्यंत हिरवा, खाली गडद होत गेलेला. तो रंग जमवायला माझी अख्खी दुपार गेली होती.

"ज-जवळ ये की मग."

"मी कशाला जवळ येऊ? मी चहा प्यायला निघालेला माणूस आहे. माझ्या उजव्या हाताला पोस्टरं, डाव्या हाताला पोस्टरं. तुझ्याजवळ यायचं मला कारण काय?"

तरी ती आली. मध्ये दोन माणसं मावतील एवढं अंतर राखून थांबली आणि डोळे बारीक केले.

"आता हिरव्यावर मुंग्या दिसायला लागल्या."

नाझनीन मुल्ला माझ्याच वर्गातली. आम्ही दोघंही पशुवैद्यकाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला होतो. ती कोंबड्यांच्या विभागात, मी जंतांच्या. मिरजेत तिच्या वडिलांचा लग्नपत्रिकांचा छापखाना होता. ती लहानपणापासून तिथल्या टेबलाखाली वाढलेली. पत्रिकेतलं नवऱ्या मुलाचं नाव मामा-काकांच्या गर्दीत हरवू द्यायचं नाही, हा त्यांच्या घरचा पहिला धडा. त्यामुळं कॉलेजात कुणाचंही काही छापायचं असलं, की ते आधी नाझनीनला दाखवायची पद्धत पडली होती. मीही त्यासाठीच तिला बोलावलं होतं. ती दोन-चार अक्षरं लहानमोठी करायला सांगेल आणि छान झालंय म्हणून जाईल, अशी माझी कल्पना होती.

"यात किती तक्ते आहेत रे?"

"न-नऊ."

"आणि सांगायचंय काय तुला?"

मी पोस्टरकडे बोट दाखवलं.

"ते नको दाखवू. तू सांग. एका वाक्यात."

मी तोंड उघडलं. वाक्य डोक्यात अगदी तयार होतं. पहिलं अक्षर ओठांपर्यंत आलं आणि तिथंच बसलं. मग मी खांदे उडवले, जसे नेहमी उडवायचो.

मी बोलताना अडखळतो. आता कमी, तेव्हा पुष्कळच. घशात कुणीतरी दाराला आतून कडी घालावी तसं होतं. शब्द कोणता ते ठाऊक असतं, त्याचा अर्थ ठाऊक असतो, तो उघड्या डोळ्यांनी दिसतही असतो. बाहेर मात्र येत नाही. लहानपणी गावातली पोरं हसायची, त्याचं मला फार वाटेनासं झालं होतं. त्याहून अवघड गोष्ट होती भल्या माणसांची. भल्या माणसांना माझा अडलेला शब्द बघवत नाही. ते तो पुरा करतात. आई करायची, मास्तर करायचे, दुकानदार करायचा. आपण मदत करतोय असंच त्यांना वाटायचं, आणि ती मदत होतीही. म्हणून मीही मान हलवून मोकळा व्हायचो.

या सगळ्यात सर्वांत भल्या होत्या आमच्या हिरेमठ मॅडम. डॉ. मंदाकिनी हिरेमठ, माझ्या मार्गदर्शक. मोठ्या विदुषी, आवाज खणखणीत, चष्मा गळ्यातल्या साखळीला लोंबणारा आणि वाचताना हमखास न सापडणारा. माझ्याशी बोलताना त्या माझ्या ओठांकडे बघत आणि मी अडलो रे अडलो की शब्द पुढं करत. इतक्या मायेनं आणि इतक्या चपळाईनं, की आमचं बोलणं ऐकणाऱ्याला दोन माणसं मिळून एकच वाक्य म्हणतायत असं वाटावं.

नागपूरच्या अधिवेशनात माझं काम भाषणासाठी निवडलं गेलं होतं. पत्र आलं त्याच दिवशी मॅडमनी आयोजकांना फोन करून ते पोस्टरमध्ये बदलून घेतलं.

"पोस्टरला बोलावं लागत नाही," त्या मला म्हणाल्या. "लोक वाचतात आणि जातात. आणि मी आहेच शेजारी."

त्या वेळी मला इतकं हलकं वाटलं होतं, की मी होस्टेलवर जाऊन गाढ झोपलो होतो. आणि दुसऱ्या दिवसापासून पोस्टर भरायला लागलो होतो.

नाझनीननं आता विभागात शिरून माझ्याच टेबलावरून लाल पेन उचललं.

"चल, बसू या. काय काय काढता येईल बघू."

"का-काढायचं नाही काही."

"बिरू, हे पोस्टर आहे. प्रबंध नाही."

आम्ही विभागाच्या संगणकासमोर बसलो. माझं संशोधन तसं सोपं होतं, सांगायला. मेंढ्यांच्या पोटात एक रक्त पिणारा जंत असतो. तो वाढला की मेंढी आतून रिकामी होत जाते. त्यावर औषध आहे, पण कळपातल्या सगळ्यांना सरसकट आणि सारखं सारखं दिलं की जंत त्याला सरावतात आणि मग ते औषध पाण्यासारखं होतं. म्हणून सगळ्यांना द्यायचं नाही, ज्यांना गरज आहे त्यांनाच द्यायचं. गरज कुणाला, हे कळायला मेंढीची खालची पापणी ओढून आतली कडा बघायची. लाल असली तर सोडून द्यायची, पांढरी पडली असली तर औषध पाजायचं. ही युक्ती माझी नव्हे, जगात बऱ्याच ठिकाणी वापरतात. मी ती आमच्या भागातल्या फिरत्या कळपांवर एक अख्खं वर्ष लावून बघितली होती. निम्म्याहून जास्त मेंढ्यांना औषध न देताही कळप धडधाकट राहिले होते.

"हे एवढं चांगलं काम आहे," नाझनीन म्हणाली, "आणि पापणीचा फोटो कुठाय? हा? हा टपाल तिकिटाएवढा?"

"जा-जागा नव्हती."

"जागा कशानं खाल्ली ते बघ ना. विष्ठेचे नमुने कोणत्या बाटलीत ठेवले, हे कशाला?"

"कु-कुणी विचारलं तर?"

"आणि हा पावसाचा तक्ता?"

"कुणी वि-विचारलं तर?"

"संदर्भ तीस? पोस्टरवर?"

"विचारलं तर..."

"विचारलं तर सांग की!" नाझनीन म्हणाली, आणि एकदम थांबली.

लाल पेन तिच्या हातात तसंच राहिलं. तिनं माझ्याकडं बघितलं, मग पडद्याकडं, मग पुन्हा माझ्याकडं. ती मोठ्यानं बोलणारी मुलगी, पण पुढचं वाक्य ती अगदी हळू बोलली.

"तू हे लोकांनी वाचावं म्हणून केलेलं नाहीस. कुणी काही विचारू नये म्हणून केलंयस."

मला राग आला. इतका राग मला कधी गावातल्या पोरांचाही आला नव्हता. मी संगणक बंद केला, जतन न करताच, आणि निघून गेलो.

दोन-तीन दिवस मी तिच्याशी बोललो नाही. ती मेसमध्ये समोर आली तर मी ताटात बघायचो. तिनंही समजूत घालायचा प्रयत्न केला नाही, आणि त्याबद्दल मी आजही तिचा आभारी आहे. मात्र माझं मन थाऱ्यावर नव्हतं. शेवटी तिला खोटं ठरवायला म्हणून मी तो जोडलेला नमुना कँटीनबाहेरच्या फलकावर नेऊन लावला आणि समोरच्या बाकावर पुस्तक उघडून बसलो.

लोक आले. काही थांबले. हिरव्या रंगाकडं बघितलं, शीर्षकाची पहिली ओळ वाचली, इकडंतिकडं बघितलं आणि भजी घ्यायला गेले. शस्त्रक्रिया विभागाचे एक प्राध्यापक मात्र बराच वेळ उभे राहिले, तेव्हा मी ताठ बसलो. मग कळलं, ते फोनवर बोलत होते. दुपार टळेपर्यंत कुणीही, एकही माणूस, तिसऱ्या ओळीपर्यंत पोचला नाही. कुणी काही विचारलंही नाही. मला हवं होतं ते सगळं झालं होतं, आणि ते बघताना माझ्या पुस्तकाचं एकही पान उलटलं नव्हतं.

एका वर्षात मी त्या कळपांमागं किती चाललो होतो. करपलेल्या माळावर, धनगरांच्या वाड्यावर, मेंढ्या मोजत, पापण्या ओढत. त्यातलं काही या कागदावर होतं, पण कुणाच्या हाती लागणार नाही अशा बेतानं.

मी पोस्टर काढलं, गुंडाळलं आणि कोंबड्यांच्या विभागात गेलो. नाझनीन अंडी वजन करत होती.

"पा-पापणीचे फोटो नव्यानं काढायचे," मी म्हणालो. "येतेस?"

तिनं हातातलं अंडं खाली ठेवलं. "कॅमेरा कुणाचा घेऊ या?"

कॉलेजच्या मेंढीगोठ्यात आम्ही सकाळच्या उन्हात फोटो काढले. मी मेंढी दोन गुडघ्यांत धरायचो, अंगठ्यानं वरची पापणी दाबायचो आणि खालची उघडायचो. नाझनीन गुडघ्यावर बसून कॅमेरा लावायची. लालभडक सापडली, गुलाबी सापडली. फिकी सापडली, पण त्या मेंढीनं नाझनीनच्या ओढणीचं टोक खाल्लं. कागदासारखी पांढरी शोधायला मात्र मला दवाखान्यात आणलेल्या आजारी कळपापाशी जावं लागलं. त्या मेंढीचा फोटो काढून झाल्यावर मी तिला आधी औषध पाजलं, मग कॅमेरा परत केला.

पोस्टरची पाटी आम्ही कोरी केली. हिरवा गेला, पांढरं आलं. वर माझं तीन ओळींचं शीर्षक होतं. त्यात जंताचं लॅटिन नाव होतं, जिल्ह्याचं नाव होतं आणि 'तुलनात्मक' हा शब्द दोनदा होता. नाझनीन म्हणाली, तू मेंढपाळ असतास तर काय विचारलं असतंस? तर इंग्रजीत एवढंच राहिलं: कोणत्या मेंढीला औषध द्यायचं? त्याच्याखाली चार पापण्या एका रांगेत, तळहाताएवढ्या मोठ्या. प्रत्येकीखाली एक शब्द. खाली एकच आलेख, दोन जाड रेषांचा. आणि सगळ्यात खाली, काय निघालं ते तीन वाक्यांत. अक्षरं इतकी मोठी, की कूलरपाशी उभं राहूनही वाचता यावीत. आम्ही ते उभं राहून तपासलंही.

काढताना मला त्रास झाला नाही असं नाही. पावसाचा तक्ता मी दोनदा काढला आणि दोनदा परत घातला. नाझनीन नखं बघत बसली. तिसऱ्यांदा गेला तो गेला.

छपाईत वेगळंच संकट उभं राहिलं. दुकानातून पहिला नमुना आला, त्यात फिकी पापणी पिवळसर आली होती आणि लाल आणि गुलाबी जवळजवळ सारख्याच दिसत होत्या. इतर कुणाच्या पोस्टरवर रंग जरा इकडंतिकडं झाला तर बिघडत नाही. आमच्या पोस्टरवर रंग हेच म्हणणं होतं. नाझनीननं फ्लेक्स नको म्हणून सांगितलं, फोटोच्या कागदावर छोटे तुकडे छापून घेतले, आम्ही ते घेऊन पुन्हा गोठ्यात गेलो आणि खऱ्या पापणीशेजारी धरून बघितले. एका मेंढीला वाटलं, आपल्याला काहीतरी खायला आणलंय. तो तुकडा गेला. पण रंग जुळला.

पोस्टर छापून आलं तेव्हा मॅडमना दाखवायला मी ते त्यांच्या टेबलावर पसरलं. त्यांनी चष्मा शोधला, मग तो न लावताच बघितलं. लावायची गरज पडली नव्हती.

"सुरेख दिसतंय," त्या म्हणाल्या. मग कपाळाला आठी पडली. "पण बिरुदेव, सगळं गेलं कुठं? तू एवढं मोजलंस, ते?"

"कु-कुणी विचारलं तर सां..."

"सांगीन?" त्यांनी वाक्य पुरं केलं आणि चकित होऊन बघितलं. "तू?"

मी मान हलवली.

"बरं," त्या म्हणाल्या. "मी असेनच म्हणा शेजारी."

नागपूरला जाताना पोस्टर मी प्लॅस्टिकच्या पाइपात घातलं होतं. गाडीत तो पाइप बघून एका काकांनी मला प्लंबर समजून घरच्या नळाची अडचण सांगितली. मी ती शांतपणे ऐकून घेतली. बोलायचं नसलं की मी उत्तम श्रोता होतो.

अधिवेशनाचा मंडप मोठा होता. पडद्यांनी केलेल्या गल्ल्या, गल्लीत दोन्ही बाजूंना पोस्टरं. ती बघून माझ्या लक्षात आलं की माझं हिरवं पोस्टर इथं एकटं पडलं नसतं. निळी होती, जांभळी होती, मागं गाईचा फोटो आणि गाईच्या अंगावर अक्षरं अशीही होती. प्रत्येकाशेजारी एक माणूस हात मागं बांधून उभा होता आणि समोरून लोक चालत जात होते.

माझ्या पोस्टरसमोर लोक थांबत होते.

हे मी मिरवायला सांगत नाही. थांबायला फार काही लागतच नव्हतं. चार डोळे तुमच्याकडं बघत असले की माणूस बघतोच. आणि बघितलं की विचारतो. "हे प्रत्यक्ष जमतं का?" "किती दिवसांनी बघायचं?" मी तोंड उघडायचो, पहिलं अक्षर अडायचं आणि मॅडम शेजारून उत्तर द्यायच्या. स्वच्छ, मुद्देसूद. परीक्षक आले, तेव्हा तर त्यांनी एवढं सुंदर सांगितलं, की मलाच माझं काम नव्यानं कळल्यासारखं झालं. परीक्षकांनी जाताना मॅडमशी हात मिळवला आणि माझ्या खांद्यावर थोपटलं.

मी मेंढीसारखा उभा होतो. वाईट वाटत नव्हतं. इतक्या वर्षांच्या सवयीचं वाईट वाटत नाही.

जेवणाची वेळ जवळ आली तशी गर्दी पांगली. तेव्हा एक गृहस्थ आले. अंगावर साधा बुशशर्ट, गळ्यात अधिवेशनाचं कार्ड: डॉ. ठवकर, पशुधन विकास अधिकारी, गोंदियाकडचा कुठलासा तालुका. त्यांनी पोस्टर वाचलं, मग चारही पापण्यांपुढं एकेक करून उभे राहिले, दुकानात माल बघावा तसे.

"बढिया आहे," ते म्हणाले. "पण आमच्याकडं मेंढ्या कमी. सगळ्या शेळ्याच. प्रत्येक घरी दोन-चार. पुढच्या महिन्यात माझं जंतनाशकाचं शिबिर आहे, पूर्ण तालुक्याचं. हे शेळ्यायले चालते का?"

त्यांनी प्रश्न माझ्याकडं बघून विचारला होता.

"शे-शेळ्यांना," मी म्हणालो, "शेळ्यांना चा... चा..."

"चालतं," मॅडम म्हणाल्या. "अगदी तसंच चालतं. पांढरी पडलेली पापणी दिसली की औषध द्यायचं, बाकीच्या सोडायच्या. तत्त्व एकच आहे."

ठवकरांनी मान डोलावली, खिशातून पेन काढलं.

मला म्हणायचं होतं, चालतं, पण. त्या 'पण'पर्यंत मी पोचलोच नव्हतो. आमच्या घरच्या कळपात मेंढ्यांबरोबर नेहमी काही शेळ्या असायच्या. अभ्यासाच्या वर्षी मी हौसेनं त्यांच्याही पापण्या बघत होतो. त्या कामात धरलेल्या नव्हत्या, म्हणून मॅडमना कधी सांगितलं नव्हतं; सांगायला वेळ लागला असता. शेळीचं वेगळं असतं. मेंढी हळूहळू फिकी होत जाते, तग धरते. शेळी गुलाबीची फिकी झाली की तिथून फार वेळ देत नाही. तिची पापणी पांढरी व्हायची वाट बघितलीत, तर औषध पाजायला तुम्ही मेलेल्या शेळीपाशी पोचता. आमच्या दोन तशाच गेल्या होत्या. त्यातली एक माझ्या बहिणीची होती.

आणि हा माणूस पूर्ण तालुक्याचं शिबिर घेणार होता. प्रत्येक घरी दोन-चार.

"मॅडम," मी म्हणालो.

त्या पुढं बोलतच होत्या, आलेखाकडं बोट दाखवून.

"मॅडम, थां-थांबा." माझा आवाज मलाच मोठा वाटला. "म-मला बोलू द्या."

मॅडम थांबल्या. त्यांचा हात आलेखावर तसाच राहिला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, फक्त गोंधळ होता. ओळखीच्या घरात अनोळखी माणूस दिसावा तसा. मग त्यांनी हात खाली घेतला, दोन पावलं मागं झाल्या आणि ठवकरांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. तोंड पोस्टरकडं करून, श्रोत्यासारख्या.

आता समोर दोघं होते आणि पोस्टरला पाठ करून मी. घशातलं दार बंद झालं. 'शेळी' हा शब्द. बाहेर येईना. मी डोळे मिटले नाहीत, खांदे उडवले नाहीत. गल्लीतून जाणारे दोन विद्यार्थी काय झालं म्हणून थांबले. मॅडमचे ओठ हलले, मी ते बघितलं. त्यांनी ते मिटून घेतले. ते त्यांना किती जड गेलं असेल, हे मला आज विद्यार्थ्यांना शिकवताना कळतं.

ठवकरांनी पेनाचं टोपण लावलं आणि पेन खिशात ठेवलं. "सावकाश होऊ द्या, डॉक्टर," ते म्हणाले. "मला घाई नाही."

डॉक्टर. मला तोवर कुणा डॉक्टरनं तसं म्हटलं नव्हतं.

"शे-शेळीला," मी म्हणालो, "थांबायचं नाही." आणि मी पोस्टरकडं वळलो. मोठी, मोकळी पांढरी जागा, त्यात चार पापण्या. मी तिसरीवर, फिक्या पापणीवर, हात ठेवला. "मेंढी इथं आली तरी वे-वेळ असतो. शेळीला नसतो. शेळी इथं दिसली, की लगेच औषध. पांढरीची वा-वाट बघायची नाही. आणि बघायचंही ल-लवकर लवकर. पावसाळ्यात तर आठवड्याला."

"का बरं?"

मी सांगितलं. मग त्यांनी औषधाची मात्रा विचारली, तीही शेळीला मेंढीएवढी पुरत नाही, ते सांगितलं. मग मी मध्येच थांबून हेही सांगितलं, की शेळ्यांचं हे माझ्या कामात नाही, घरच्या कळपात बघितलेलं आहे. शिबिराआधी कुणा जाणत्याला विचारून घ्या. किती अडखळलो, ते मी मोजलं नाही. ते विचारत राहिले आणि मी बोलत राहिलो. मध्ये ते दोन विद्यार्थी जवळ आले, त्यातल्या एकानं पावसाबद्दल विचारलं आणि पावसाचा अख्खा तक्ता माझ्या तोंडून बाहेर आला. वेळ लागला. पण तो मला पाठ होता.

ठवकर निघाले तेव्हा म्हणाले, "तुमचा नंबर द्या. शिबिरात अडलो तर फोन करीन."

फोन! मी नंबर दिला. आणि त्यांनी तो केलाही, पुढच्या महिन्यात, दोनदा. पुढं बरीच वर्षं ते कधीमधी करत राहिले, निवृत्त होईपर्यंत.

पहिलं बक्षीस एका जांभळ्या पोस्टरला मिळालं. मी नाझनीनला फोन करून ते सांगितलं, तर ती म्हणाली, जाऊ दे रे, किती जणांनी विचारलं ते सांग. मी सांगायला सुरुवात केली आणि तिनं मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. आता ती हैदराबादला असते, मोठ्या हुद्द्यावर. तिच्या विभागातली पोस्टरं अजून ती कॉरिडॉरच्या टोकाला उभी राहून बघते म्हणे.

त्या संध्याकाळी मी आणि मॅडम मंडपाबाहेर चहा घेत उभे होतो. ऊन उतरलं होतं. दुपारपासून त्या माझ्याशी कमी बोलल्या होत्या आणि मला मनातून धाकधूक होती. मार्गदर्शकाला चारचौघांत थांबवणं आमच्याकडं साधी गोष्ट नव्हे.

"मॅडम, रा-रागावलात?"

त्यांनी मान हलवली. चहाचा कप दोन्ही हातांत धरून त्या समोर बघत राहिल्या.

"मी विचार करतेय," त्या म्हणाल्या. "इतके दिवस मी तुझी वाक्यं पुरी करतेय. त्यातली किती चुकीची पुरी केली असतील रे?"

खोटं बोलणं सोपं होतं. एका शब्दाचं होतं.

"ब-बरीच," मी म्हणालो.

"एखादं सांग."

"नको, मॅडम."

"सांग. मी मध्ये बोलत नाही."

मग मी सांगितलं. "मी पहिल्यांदा तुमच्या खोलीत आलो होतो. तुम्ही विचारलंत, कुठल्या जनावरावर काम करायचंय. मी म्हणालो, म्... म्... आणि तुम्ही म्हणालात, मेंढ्या!"

"हो. आठवतंय मला." त्या हसल्या. "मला वाटलं, धनगराचा मुलगा, याला मेंढ्यांशिवाय... " त्या थांबल्या. कप खाली आला. "मग?"

हा शब्द तेव्हा अडला होता तसाच आत्ताही अडला. मॅडम थांबल्या. चहावाल्यानं पातेलं धुऊन पालथं घातलं, तरी त्या थांबल्या.

"म्... म्हशी," मी म्हणालो. "मला म्हशी म्हणायचं होतं."

"अरे देवा."

"लहानपणापासून मेंढ्यांमागंच चालत होतो, मॅडम. त्यांच्यापासून सु-सुटायलाच तर शिकलो."

"मग तेव्हाच सांगायचं नाही का?"

"सांगतच होतो. पण तोवर तुम्ही च-चहा मागवला होता."

मॅडमना हसू फुटलं, इतकं की कप टेबलावर ठेवावा लागला आणि गळ्यातला चष्मा हिंदकळायला लागला. मीही हसलो. हसता हसता त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि ते पुसून झाल्यावर त्यांचा चेहरा गंभीर झाला.

"पुढं पीएच.डी. करशील माझ्याकडं," त्या म्हणाल्या. "या वेळी नीट विचारते. कशावर करायचंय?"

त्यांनी विचारलं आणि खरोखरच गप्प उभ्या राहिल्या, माझ्या ओठांकडं न बघता.

उत्तर द्यायला मी बराच वेळ घेतला. त्यात अडखळण्याचा वेळ थोडाच होता.

"मेंढ्या," मी म्हणालो.